शोधकबड्डीचा डाव

१२ नोव्हेंबर २००८, बुधवार

नांदेडच्या उजळणी वर्गाहून परवा परत आलो. आज ग्रंथालयाची कुलपं काढताना स्वतःचाच वैताग आला. सेनगावच्या या महाविद्यालयात माझ्या नावापुढे 'ग्रंथपाल' असं लिहितात, पण काम विचाराल तर चावीवाल्याचं. पोरं खिडकीशी येतात, "सर, गाईड द्या" म्हणतात, मी देतो, ती जातात. आत कपाटांत काय आहे हे त्यांना ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यावं असं वाटतही नाही. पुस्तक हरवलं तर ते ग्रंथपालाच्या माथी, म्हणून सगळी कपाटं बंद. वाळवीपासून जपली तितकीच मी ही पुस्तकं वाचकांपासूनही जपली.

नांदेडला एका मॅडमनी इंटरनेटवरचा एक खेळ दाखवला. पडद्यावर कोडं येतं. पोरांनी ग्रंथालयात जाऊन पुस्तक शोधायचं, पान काढायचं आणि उत्तर परत संगणकात भरायचं. गुण मिळतात. सूची कशी पाहायची, पुस्तकाच्या पाठीवरचा वर्गांक कसा वाचायचा, कोशात कसं शिरायचं, हे सगळं खेळता खेळता. बाकीचे ग्रंथपाल चहाची वाट बघत होते. मी मात्र वहीत सगळं उतरवून घेतलं. निवृत्तीला फार वर्षं उरली नाहीत. एक तरी पोरगं असं निघावं, की त्याला खरा प्रश्न पडला आणि त्यानं आपल्या हातानं पुस्तकातून उत्तर काढलं. नाहीतर आयुष्यभर केलं काय, तर कुलपं लावली.

प्राचार्यांना सांगितलं. जानेवारीत मूल्यांकनाची समिती येणार, तिला दाखवायला काहीतरी नवीन हवंच होतं. "करा शिवहारराव, पण खर्च नको," म्हणाले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आमच्या संगणक कक्षाचे भागवत सर भला माणूस. एका फुकटच्या संकेतस्थळावर त्यांनी खेळ चढवला. दोन दिवस मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत होते. शेवटी प्रत्येक कोड्याचं चित्र करून टाकलं.

नाव मी दिलं, शोधकबड्डी. आमच्या पोरांना क्रिकेटपेक्षा कबड्डी जवळची. एकेक गडी 'चढाई' करत कपाटांत शिरणार, पुस्तक शिवून परत येणार. कपाटं उघडी ठेवायची परवानगीही काढली. नियम एकच, आणि त्याच्यावर मी अडून बसलो: ग्रंथपाल उत्तर सांगणार नाही. कुठं शोधावं एवढंच सुचवील. सांगून सांगूनच आपण पोरं पांगळी केली.

घरी मनकर्णेला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती तूर निवडत होती. म्हणाली, "तुमचं आपलं उंटावरून शेळ्या हाकणं. म्हाईत हाय ते सांगायला काय धाड भरली?" बायको हिंगोलीच्या पेठेत वाढलेली. दुकानदाराच्या घरात विचारलं की भाव सांगतात. तिला शिक्षणातलं काय कळणार.

१ डिसेंबर, सोमवार

पहिला डाव. कोडं आलं आणि वीज गेली. पोरं हसली, मीही हसलो, मग बराच वेळ काळ्या पडद्यांसमोर बसून राहिलो. वीज आली तेव्हा निम्मी पोरं जीप गाठायला पळालेली होती.

उरलेल्यांत प्रभू नावाचा दांडगा पोरगा आहे, खऱ्या कबड्डीतला. त्याच्या संघानं आरडाओरडा करत तीन पुस्तकं आणली, तिन्ही चुकीची. कपाटांत एवढा गोंगाट मी कधी ऐकला नव्हता. बरं वाटायला हवं होतं. मला मात्र कोणतं पुस्तक उलटं ठेवलं तेच दिसत राहिलं.

९ डिसेंबर, मंगळवार

आज लिहिण्यासारखं आहे. दीपमाला नावाची मुलगी, बी.ए. पहिलं वर्ष. वाडीवरून जीपनं येते. वडील ज्ञानबा मेंढरं राखतात, तुरी निघाल्या की लोकांच्या शेतांत खतासाठी कळप बसवतात. त्यांच्या घरातून महाविद्यालयापर्यंत आलेली ही पहिलीच. कुठल्याच संघानं तिला घेतलं नाही, म्हणून एकटी खेळते. आज तिनं पुस्तकाच्या शेवटची सूची उघडली, शब्द काढला, पान काढलं. तिला कुणी दाखवलं नव्हतं. "इथं समदं हारीनं लावून ठिवलंय की सर," म्हणाली.

मी खुर्चीत बसलो आणि चष्मा पुसला. एवढ्या वर्षांत सूचीला कुणी असं म्हटलं नव्हतं.

१५ डिसेंबर, सोमवार

दीपमाला आज कॉलेज उघडायच्या आधीच दारात उभी होती. म्हणाली, "सर, मेंढरांच्या तोंडात फोड यिऊन, नाक गळून, हगवण लागून मरायला लागले, तर ते कोन्त्या पुस्तकात सापडंल?"

काय प्रश्न! पाठ्यपुस्तकातला नाही, परीक्षेतला नाही. आपल्या भोवतालातून उचललेला जिवंत प्रश्न. ज्याची मी नोव्हेंबरपासून, खरं तर नोकरीला लागल्यापासून वाट पाहत होतो, तो समोर उभा राहिला.

शेळी-मेंढीपालनावरचं एक पुस्तक आमच्याकडे आहे. परभणीच्या कृषी प्रदर्शनातून मीच आणलं होतं. रोगांचं अख्खं प्रकरण आहे त्यात. नाव अगदी ओठांवर आलं. पण नियम म्हणजे नियम. म्हटलं, "पशुपालन कोणत्या वर्गात येतं ते सूचीत बघ. तिथून तूच जाशील."

"लवकर पायजे व्हतं सर."

"घाई केली की शोध बिघडतो," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. तेवढ्यात घंटा झाली आणि ती तासाला गेली. दुपारी मला आणखी सुचलं. हा प्रश्न एकटीचा कशाला ठेवायचा? भागवत सरांना सांगून तो आठवड्याची 'मोठी चढाई' म्हणून सगळ्यांसाठी टाकला. सगळ्यांत जास्त गुण त्याला. समितीला दाखवायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

जेवताना मनकर्णेला दीपमालाचा प्रश्न सांगितला. ती पोळी लाटता लाटता थांबली. "तिच्या घरी मेंढरं हायत ना? मग आजारी पडले असतील."

"अगं, अभ्यासाचा प्रश्न आहे तो."

"लेकरू असं इचारून राहिलं आन् तुमी त्याचा खेळ मांडला. काहून सांगून टाकत न्हाई तुमी?"

हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तरी उद्या मुलीला विचारीन म्हणतो.

१८ डिसेंबर, गुरुवार

काल विचारायचं राहून गेलं. प्राचार्यांनी समितीच्या तयारीसाठी दिवसभर बसवून ठेवलं.

आज दीपमाला दुपारी आली. पाय गुडघ्यापर्यंत धुळीचे, डोळे तांबारलेले. तासाला बसली नव्हती. तिनं वर्गांक बरोबर काढला होता. कपाटही बरोबर. पण पुस्तक जागेवर नव्हतं. "सर, नंबर लागून राहिला, पुस्तक न्हाई," म्हणाली. आवाज कापत होता. हरण्याची भीती असेल, मी समजून घेतलं. प्रभूचा संघ पुढे आहे हे तिनं पडद्यावर पाहिलं होतं.

मी म्हटलं, कुणीतरी वाचत बसलं असेल, येईल जागेवर. शोधात धीर लागतो. तोवर कोशात बघ. तिनं कोश काढला. त्यात मेंढीच्या जाती होत्या, लोकरीचं उत्पादन होतं, रोगाबद्दल दोन ओळी. ती त्या दोन ओळींवर बोट ठेवून बसून राहिली. मग जीपची वेळ झाली.

माणसांनी खच्चून भरलेल्या जीपच्या मागच्या फळीवर ती उभी राहून गेली. खिडकीतून पाहिलं. वाटलं, ही पोरगी पुढे जाईल.

२० डिसेंबर, शनिवार

मोठी चढाई प्रभूच्या संघानं मारली. पुस्तकाचं नाव, लेखक, पान सगळं बरोबर. पडद्यावर टाळ्यांचं चित्र नाचलं. मी विचारलं, उत्तरात काय लिहिलंय ते सांग रे. त्याला सांगता येईना. पान सापडलं की गुण मिळतात, वाचायला कोण सांगतंय? मन खट्टू झालं. मीच खेळ असा बांधला आहे की काय?

दीपमाला आली होती. प्रभूला सापडलं म्हणजे पुस्तक कपाटात असणार, म्हणून पुन्हा कपाटाशी गेली. बऱ्याच वेळानं येऊन म्हणाली, "न्हाई सर." मी जरा रागावलोच. म्हटलं, दुसऱ्याला सापडतं आणि तुला नाही? वर्गांक नीट वाचायला शीक, दशांशानंतरचे आकडेही बघायचे असतात. ती उभी राहून ऐकत होती. मग म्हणाली, "पुस्तकात काय हाय ते प्रभूला इचारू का?" मी म्हटलं, विचार, पण ते तुझं उत्तर होणार नाही.

तिनं विचारलंही. त्याला आठवत नव्हतं.

२४ डिसेंबर, बुधवार

सोमवारपासून दीपमाला आली नाही. एका डावात हरली आणि बसली घरी. आपल्या पोरांचं हे असंच, आरंभशूर. जिच्यावर जीव लावला तीही त्यातलीच निघाली. आज पडदा सुरू केला, कोडं टाकलं आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसलो. प्रभूचा संघही आला नाही. मोठे गुण मिळाले, आता कशाला येतील. भागवत सर म्हणाले, समिती येईपर्यंत चालू ठेवू. समितीनंतर काय, ते त्यांनीही विचारलं नाही आणि मीही नाही.

२९ डिसेंबर, सोमवार

समितीसाठी कपाटं झाडताना कोशांच्या जाड खंडांमागे ते पुस्तक सापडलं. शेळी-मेंढीपालन. मुद्दाम आडवं करून ठेवलेलं.

प्रभूला बोलावलं. त्याला लाज वगैरे काही नाही. म्हणाला, "सर, कबड्डी हाय ना? मग पकड असतीच की. दुसऱ्याचा गडी परत जाऊ द्यायचा नसतो."  नाव मीच दिलेलं. पोरानं खेळ मनापासून खेळला, माझ्यापेक्षा बरोबर खेळला.

चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलं पुस्तक, हे मी शिपायांना शिकवत आलो. त्या मुलीला दशांश शिकवत होतो मी, आणि पुस्तक तिथं नव्हतंच. माफी मागायला हवी. पुस्तक माझ्या टेबलावर काढून ठेवलंय. आली की देईन.

२ जानेवारी २००९, शुक्रवार

दीपमाला आली. पुस्तक पुढे केलं, झालेला प्रकार सांगितला. तिनं उभ्या उभ्याच मागची सूची उघडली, बोट फिरवलं, थेट पानावर गेली. मी बघत होतो. प्रश्नापासून पानापर्यंत एका दमात. हेच, अगदी हेच मला हवं होतं. वाचताना तिचे ओठ हलत होते. एक पान दोनदा वाचलं.

मग संगणकावर जाऊन उत्तर भरलं. रोग दिसताच निरोगी जनावरं त्याच दिवशी वेगळी करावीत, पशुवैद्यकाला बोलावून त्यांना लस टोचून घ्यावी, पान अमुक. पडद्यावर आलं, 'चढाई यशस्वी'. भागवत सरांनी टाळी वाजवली. मी म्हटलं, "शाब्बास! उशिरा का होईना, पण वाचून उत्तर देणारी तू पहिली."

"सर, मेंढरं न्हाईत आता."

"नाहीत म्हणजे?"

"मेले. पाच-सहा ऱ्हायले व्हते, ते आबानं इकले."

तिनं पुस्तक नेऊन बरोबर आपल्या जागी ठेवलं आणि गेली. मी तिला थांबवलं नाही. काय म्हणून थांबवणार होतो?

घरी आलो. मनकर्णेनं ताट वाढलं, मी जेवलो नाही. सांगितलं तेव्हा तिनं एकदाही 'मी म्हणत होते' असं म्हटलं नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. रोग तो रोग, पुस्तकानं थोडाच थांबतो, मेंढरं तशीही मेली असती, असं मी स्वतःशी म्हणतोय. दुपारपासून तेच म्हणतोय.

८ जानेवारी, गुरुवार

समिती आली. नारळ, शाल, फोटो. संगणक कक्षात वीज होती, याचंच सगळ्यांना आश्चर्य. अध्यक्षांनी विचारलं, यातून विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काय मिळालं? प्राचार्यांनी पुढे होऊन पडद्यावर दीपमालाचं उत्तर काढलं. म्हणाले, बघा, मेंढपाळाच्या घरची मुलगी, मेंढ्यांच्या रोगावर स्वतः संदर्भ शोधते. टाळ्या. मग मला बोलायला सांगितलं. आयतं उत्तर दिल्यानं विद्यार्थी पांगळा होतो, असं मी म्हणालो. शब्द सगळे पाठ होते. एका सदस्यानं ते लिहून घेतले.

दीपमाला आली नव्हती. तिचं नाव घेतलं तेव्हा मी चष्मा काढून पुसत राहिलो. लोकांना वाटलं अभिमानानं.

बाहेर आल्यावर प्राचार्य पाठीवर थाप मारून म्हणाले, आता जिल्ह्यातल्या इतर कॉलेजांना दाखवू. मी संडासात जाऊन तोंड धुतलं.

११ जानेवारी, रविवार

आज तिच्या वाडीवर जाऊन आलो. मनकर्णेनं सोबत भाकरी-चटणी बांधून दिली, का ते मी विचारलं नाही.

घर सापडायला वेळ लागला नाही. काट्यांचं कुंपण घातलेलं मेंढरांचं मोठं वाडगं, आणि आत काहीच नाही. लेंड्या अजून तशाच पडलेल्या, वास तसाच. तिचा लहान भाऊ त्या रिकाम्या वाडग्यात एकटाच गोट्या खेळत होता.

ज्ञानबा साठीच्या आतलेच, पण वाकलेले. मी ग्रंथपाल म्हणताच घोंगडी झटकून अंथरली. मला वाटलं होतं, शिव्या देतील. त्याची तयारी करून गेलो होतो. ते म्हणाले, "सर, तुमी पार इथवर आले, लई झालं. पोरीनं सांगितलं व्हतं, तुमीबी लई शोधलं."

मला कळेना. ते सांगत राहिले, "पैलं मेंढरू पडलं त्याच दिवशी मी निगालो व्हतो. चांगले चांगले येगळे काढून सिद्धेश्वरला पाव्हन्याकडं न्यायचे. आमच्यात तसंच करतेत. पोरगी आडवी आली. म्हनली, आबा, घाई करू नका, वाटंनं मरतील. सर पुस्तकात शोधून राहिले, सापडलं की औषध कळंल. आज सापडंल, उद्या सापडंल. मी म्हनलं, येवढा शिकलेला मानूस आपल्यासाठी शोधून राहिला, तर थांबावं. म्हून थांबलो."

मी वाडग्यातल्या पोराकडे बघत राहिलो.

"तुमालाबी न्हाई सापडलं, त्येला कोन काय करनार," ज्ञानबा म्हणाले. माझी समजूत घालत होते ते. "मेहनत तुमी बराबर केली."

मी म्हणालो, "हो. शोधलं, पण सापडलं नाही."

दीपमाला चहा घेऊन दारात उभी होती. सगळं ऐकलं तिनं. चहा माझ्यासमोर ठेवला आणि आत गेली. काळा चहा. दूध कुठून असणार.

ज्ञानबा उद्यापासून कनेरगाव नाक्यावर एका धाब्यावर रखवालीला जाणार आहेत. दीपमालाचं कॉलेज सुटलं. मी फीचं बघतो म्हणालो, पुस्तकांचं बघतो म्हणालो. ज्ञानबांनी हात जोडले. "फीचं न्हाई सर. घरी मानूस पायजे."

रस्त्यापर्यंत सोडायला तीच आली. जीपला वेळ होता.  मग तिनं विचारलं, "सर, तुमाला ते पुस्तक पैल्या दिवशीच म्हाईत व्हतं?"

"हो."

"आन् त्यात काय हाय ते?"

"थोडंफार."

"मग काहून न्हाई सांगितलं?"

समितीला दिलं ते उत्तर मला शब्दन् शब्द पाठ होतं.  मी नुसता उभा राहिलो, आणि डोळ्यांतून पाणी आलं तेही पुसलं नाही. तिनं वाट पाहिली. शेवटी जीपचा आवाज आला तेव्हा ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "आबाला सांगू नका सर. तेला वाटतं, तुमाला म्हाईतच नव्हतं. तसंच ऱ्हाऊ द्या. न्हाईतर लहान्याला तो साळंत जाऊ द्यायचा न्हाई."

मी मान हलवली आणि जीपमध्ये बसलो.